थो. आणि धा.

९ फेब्रुवारी

माझ्या तेलकट नातीला आजीचे आशीर्वाद.

माझी सवत आज सकाळी ट्रकवर बसून तुझ्याकडे निघाली. म्हणजे आपल्या ट्रॅक्टरचं इंजिन. चार माणसं, एक साखळी आणि शेजारचा वेल्डर, ज्याला सगळे ठिणगी म्हणतात. ठिणगीने काम एका माणसाचं केलं आणि सूचना सहा जणांच्या दिल्या. ट्रॅक्टर आता शेडमध्ये नुसता सांगाडा घेऊन उभा आहे, छातीच्या जागी भोक. दुपारी पत्र्याच्या फटीतलं ऊन नेमकं त्या भोकात पडतं आणि आत धूळ अशी सावकाश फिरते, की वाटतं अजून काहीतरी चालूच आहे. मी बघत बसले. दूध उतू गेलं.

फोन का करत नाहीस म्हणून रागावू नकोस. फोनवर तू म्हणतेस बरी आहेस ना, मी म्हणते हो, तेवढ्यात तुझ्या कारखान्यातलं मशीन ओरडतं आणि संपलं. पत्रात कुणी मध्ये तोंड घालत नाही. माझी शाळा तिसरीत सुटली, ऱ्हस्व-दीर्घ तू बघून घे.

आता मला काय हवंय ते सांगते. ठिणगी म्हणतो गिऱ्हाइकाने आधीच स्पष्ट बोलावं. पहिलं म्हणजे ते चार हात. मे महिन्यात मैदानावर जुन्या ट्रॅक्टरांची ओढीची शर्यत असते ती तुला माहीत आहे. मागे वजनाची गाडी बांधतात, आणि ती अशी लबाड की जसजसं ओढावं तसतसं तिच्यावरचं वजन पुढे सरकतं, म्हणजे जितकं पुढे जाल तितकं जड. अगदी संसारासारखं. दीडशे हातांवर चुन्याची रेघ. तुझे आजोबा चार हात अलीकडे थांबले. त्याला सहा वर्षं झाली. पुढचं वर्षभर ते वहीत लिहीत बसले आणि मग गेले. ते चार हात राहिलेत.

दुसरं म्हणजे ठोका. आजोबा इंजिन मंद सोडून द्यायचे आणि मी शेडच्या दारात खुर्ची टाकून विणायला बसायची. धुक म्हटलं की सुई आत, दुसऱ्या धुकला बाहेर. दोन ठोक्यांना एक टाका, चाळीस टाक्यांची ओळ. अर्ध्या ओळीत हाक मारलेली मला चालत नसे. ओळ पुरी करून येते म्हणायची, आणि ते तोवर थांबायचे. तेव्हा ताकद वाढव, पण ठोका हरवलास तर इंजिन परत पाठवू नकोस.

आजोबांची वही खोक्यातल्या पिशवीत आहे. मला ते अक्षर लागत नाही. मुंगी शाईत पाय बुडवून फिरायला गेल्यासारखं आहे.

तुझी आजी


२४ फेब्रुवारी

आजी, नमस्कार. हात काळे आहेत म्हणून लांबूनच.

इंजिन सुखरूप पोचलं. आमचे मोठे मिस्त्री त्याच्याभोवती तीन फेऱ्या मारून म्हणाले, "एक सिलिंडर, पण काय खानदानी आहे." इथे सगळी जुनीच इंजिनं येतात, तरी ते असं सहसा बोलत नाहीत.

साध्या भाषेत सांगते. वेग हवा असेल तर गोष्ट वेगळी. आपल्याला हवी आहे सावकाश चालतानाची ओढ. त्यासाठी फ्लायव्हील, म्हणजे ते बाजूचं मोठं चाक, जड करायचं. दोन ठोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत ते चाकच इंजिनाला पुढे नेतं. मग ठिणगी (तुझी शेजारची नव्हे, सिलिंडरमधली) नेमकी कधी पडावी ते जुळवायचं. आणि सिलिंडर घासून थोडा मोठा करायचा. ते करू का?

वही म्हणजे खजिना आहे. आजोबा फार थोडक्यात लिहायचे, पण मी उलगडलं. "थो." म्हणजे थोडे आणि "धा" म्हणजे दहा. हे बघ:

"थो. गरम. धा. गप्प." म्हणजे थोडं गरम करून दहा मिनिटं गप्प ठेवायचं. मी तसं करून बघितलं, खरंच सुरळीत चालू झालं.

"थो. ला घाई केली की दम जातो. धा. चे ऐकावे." थोडी जरी घाई केली तरी दम जातो, म्हणून आधी दहा मिनिटं ऐकायचं.

"थो. ची चाल धा. च्या ओळीला जुळवली. झकास." चाकाच्या कडेवर छिन्नीने मारलेल्या ओळी आहेत, त्यातली दहावी.

आणि सर्वांत शेवटी, "थो. चे चाक मिळाले नाही. धा. ची ओढ फार. उद्या परत." म्हणजे दहाव्या ओळीवर ओढ फार चांगली मिळते, उद्या परत करून बघू. मिस्त्री म्हणाले, तुझा आजोबा शाळेत गेला नसेल, पण शहाणा होता. मी दहावी ओळच धरणार आहे.

तुझी नात


३ मार्च

बाळे, आशीर्वाद.

अगदी बरोबर. ते दहाला धाच म्हणायचे. त्यावरून मास्तरांच्या छड्या खाल्ल्या, तरी बदलले नाहीत. म्हणायचे, मास्तर धा मारोत की दहा, लागतं सारखंच. तू हुशार निघालीस. मला वाटायचं वहीत नुसती आमची भांडणं लिहिली असतील.

चाक मिळाले नाही, ते मात्र मला पुरतं आठवतं. जड चाक शोधायला म्हणून परगावच्या भंगारबाजारात आठ दिवस गेले. ना चिठ्ठी ना निरोप. नवव्या दिवशी आले ते हात हलवत. हलवत म्हणजे काय, काखेत निळ्या लोकरीच्या चार लडी. मी म्हटलं, चाक आणायला गेलात आणि लोकर घेऊन आलात? तर म्हणाले, दुकान चुकलं. असा राग आला की ती लोकर मी ट्रंकेत तळाशी टाकली. अजून तिथेच आहे. माणसाने काहीतरी बरं खोटं बोलावं.

सिलिंडर मोठा करायचं म्हणतेस, कर, तुला कळतं. मला फक्त त्या दिवसाचं सांगायचंय. शर्यतीत शेजारून झेंडेवाला चालत असतो, त्याला मागे टाकलं तर बाद. म्हणजे घाई करायचं कारणच नाही. पण रेघ जवळ दिसली आणि यांनी वेगाची दांडी पुढे ढकलली. मी कुंपणाशी उभी राहून ओरडत होते, सावकाश, सावकाश. इंजिन एकदा खोकलं आणि गप्प. घरी येईपर्यंत आम्ही दोघंही गप्प. मी ओरडल्याचं त्यांना ऐकू गेलं होतं की नाही, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

ट्रॅक्टर कोण चालवणार ते विचारलं नाहीस, तरी सांगते. माणूस मिळालाय. जरा वयस्क आहे, गुडघे कुरकुरतात, पण मन लावून काम करणारा. रोज शेडमध्ये येऊन सांगाड्यावर बसून सराव करतो. ठिणगी हसतो. हसू दे.

तुझी आजी


२९ मार्च

आजी,

उशीर झाला. इथे सगळं ठीक. इंजिन ठीक आहे. काम जरा लांबलंय, पण ठीक होईल. तुझे गुडघे कसे आहेत? पाऊस नाही, ऊन आहे. मिस्त्रींनी नमस्कार सांगितलाय.

नात


४ एप्रिल

बाळे,

तू सात वर्षांची असताना भिंतीवरच्या घड्याळाची काच फोडलीस आणि स्वयंपाकघरात येऊन मला म्हणालीस, "आजी, बाहेर सगळं ठीक आहे." मी विचारलंही नव्हतं. तुझ्या एवढ्याशा पत्रात तीनदा ठीक आलंय. त्यातून तू मला हवापाणी सांगतेस.

काय फुटलं ते लिही.

आजी


१० एप्रिल

आजी,

सिलिंडर घासायला घेतला आणि एका बाजूला बारीक रेघ दिसली. जिथे आतून गार पाणी फिरतं, तिथली भिंत तडकली आहे. वीतभर. मी घासलं म्हणून तडकली की आधीपासूनच होती, मला माहीत नाही. मिस्त्री म्हणतात आधीचीच. ते माझी समजूत घालत असतील.

बिडाचं लोखंड आहे, वेल्डिंग केलं तर आचेने आणखी तडकेल. एकच उपाय आहे. तडीवर ओळीने भोकं पाडायची, प्रत्येकात आटे पाडून धातूची खुंटी पिळायची, आणि पुढची खुंटी आधीच्या खुंटीच्या कडेत शिरेल अशी. अख्खी तड खुंट्यांनी भरून काढायची. याला आमच्याकडे टाके घालणंच म्हणतात. वीतभर तडीला तेवीस टाके. एक जरी जास्त पिळला गेला तर भिंत फुटेल आणि इंजिन भंगारात जाईल.

मिस्त्री म्हणाले, वस्तू तुझ्या आजोबांची, टाके तूच घाल. आठवडा झाला, मी हात लावलेला नाही. सिलिंडर मोठा करणं तर आता विसरायचंच. शर्यत हुकली तर मला माफ कर.

तुझी नात


१४ एप्रिल

बाळे,

माफी कसली मागतेस. मला आधी हसूच आलं. म्हटलं, एवढी शिकली आणि शेवटी आली टाक्यांवरच.

ऐक. यातलं मला कळतं. टाका घट्ट ओढला की माणसाला वाटतं काम पक्कं झालं. पण कापड टाक्याने फाटत नाही, ओढण्याने फाटतं. बोटाला जाणवलं की धागा बसला, तिथेच सोडायचं. सोडायला जमलं की शिवण जमली. आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे एका दमात जाऊ नये. दोन इकडे, दोन तिकडे, मग मध्ये, म्हणजे ताण वाटला जातो. लोखंडाचं वेगळं असेल तर तुझ्या मिस्त्रींना विचार, पण मला नाही वाटत वेगळं असेल. जेवून कर. उपाशी पोटी हात कापतो.

काल दुपारी इथे खुर्चीतच डोळा लागला. स्वप्नात शेडचं दार उघडं, आत सगळं निळं निळं, पाण्याखाली असावं तसं, आणि इंजिन चालू. आवाज कानाने येत नव्हता, चपलेतून वर येत होता. आजोबा सीटवर पाठमोरे. मी म्हटलं, अहो, जेवायला चला. तर मागे न बघता म्हणाले, "ओळ पुरी होऊ दे." माझंच वाक्य चोरलं. जागी झाले तेव्हा पायाखाली फरशी गार होती.

माझी सवत तडकली म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. तिची तब्येत नेहमीच नाजूक. लग्न होऊन आले तेव्हा हे मला शेडमध्ये घेऊन गेले आणि ट्रॅक्टरकडे बोट दाखवून म्हणाले, "ही थोरली. तुझ्या आधी दोन वर्षं आली घरात. तू धाकटी." मी एकोणीस वर्षांची, मला रडावं की हसावं कळेना. मग आयुष्यभर तेच. थोरलीला न्हाऊ घालतो, धाकटी चहा टाक. थोरली रुसली, धाकटी फुगली. पोरांसमोर कधी म्हणत नसत, तुम्हाला ते माहीत असायचं कारण नाही. म्हातारपणी दोन बायकांचा दादला म्हणून तोऱ्यात असायचे, आणि ऐकत मात्र दोघींपैकी एकीचंही नव्हते.

टाके झाले की दोन ओळी लिही.

तुझी आजी


२६ एप्रिल

आजी,

टाके बसले. तेवीसही. दोन इकडे, दोन तिकडे, मग मध्ये. मिस्त्री म्हणाले, बरोबर, असंच घालतात, कुणी शिकवलं? मी म्हटलं, तिसरीत शाळा सुटलेल्या एका बाईने. पाण्याचा दाब देऊन दोन दिवस ठेवलं, थेंब नाही. चाकाला जड कडं चढवलं. ठिणगी दहाव्या ओळीवर.

आता खाली बस. बसलीस?

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्यांदा वाचत होते. थोरली. धाकटी. हातातला डबा ठेवला आणि वही काढली. आजी, "थो." म्हणजे थोडे नाही. "धा." म्हणजे दहा नाही. तू "अगदी बरोबर" म्हणालीस आणि मी विश्वास ठेवला.

"थो. गरम. धा. गप्प." इंजिन तापलं होतं आणि तू बोलत नव्हतीस. ती कृती नव्हती, तो त्या दिवशीचा हवामान अंदाज होता. मी एका भांडणाप्रमाणे इंजिन चालू करत होते.

"थो. ची चाल धा. च्या ओळीला जुळवली." छिन्नीची ओळ नव्हे, विणकामाची. तू ठोक्यावर विणत नव्हतीस आजी. आजोबाच तुझं विणणं बघून ठोका लावायचे.

"थो. ला घाई केली की दम जातो. धा. चे ऐकावे." ह्यावर तारीख आहे. शर्यतीच्या दुसऱ्या दिवसाची.

आणि शेवटचं मी उलगडून लिहीत नाही, जसंच्या तसं देते. वर त्या परगावच्या बाजाराचं नाव आहे, आठव्या दिवसाची तारीख आहे. "थो. चे चाक मिळाले नाही. धा. ची ओढ फार. उद्या परत."

मिस्त्रींना सांगितलं, दहावी ओळ आजोबांनी कधी म्हटलीच नव्हती, काढू का? ते बराच वेळ इंजिन ऐकत राहिले आणि म्हणाले, "राहू दे. त्याने म्हटलं नसेल, पण इंजिनाला पटलंय."

आठ मेला इंजिन घेऊन येते. दोनच दिवसांची रजा आहे, शर्यतीला थांबता येणार नाही. तू सुया घेऊन दारात बस. चाल मी तुझ्या ओळीवर जुळवीन. आणि तो तुझा वयस्क माणूस मला बघायचाय.

तुझी नात


१८ मे

बाळे,

तू गेलीस आणि घर दोन दिवस मोठं वाटलं. तुझ्या काळ्या बोटांचे ठसे कपाटावर आहेत, मी पुसलेले नाहीत. तू पान्याने जरा जरा चाल कमी करत होतीस आणि मी सुया घेऊन मान हलवत होते, नाही, अजून नाही, अजून नाही, आणि मग एकदम सुई आपोआप आत गेली. तेव्हा मी मान वळवली ती चष्मा पुसायला. तू बघितलंस हे मी बघितलं.

वयस्क माणसाबद्दल तू काही बोलली नाहीस, नुसती सीटवर उशी बांधून गेलीस. म्हणजे कळलं होतं तुला.

तर काल शर्यत झाली. भोंग्यावाल्याने पुकारलं, "चालक, आजी." लोक हसले. झेंडेवाला तरणा होता, मला हळूच म्हणाला, "मावशी, उतरताना हात देऊ का?" मी म्हटलं, "आधी चढलेलं तर बघ." थोडं गरम केलं आणि दहा मिनिटं गप्प ठेवलं. भांडण असो की काही, सवय चांगली आहे.

झेंडा पडला आणि मी पहिला टाका घेतला. मनातल्या मनात गं, हात तर चाकावर. धुक, आत. धुक, बाहेर. झेंडेवाला शेजारून चालतोय, मी त्याच्या बरोबरीने. मला वाटलं होतं भीती वाटेल. पण वीस टाके झाल्यावर लोकांचा आवाज लांब गेला, मैदान लांब गेलं, ऊन सगळं पिवळं आणि मऊ, आणि मी जणू शेडच्या दारात बसले आहे. मागून वजन चढत होतं ते पाठीला कळत होतं, एखादं पोर झोपेत जड होत जातं ना, तसं. ठोके लांब लांब पडायला लागले. दोन ठोक्यांच्या मध्ये माणूस चहा पिऊन येईल इतके. तरी चाक फिरत होतं. तू म्हणाली होतीस, रिकाम्या जागेत चाकच पुढे नेतं. ते मला तिथे कळलं.

छत्तिसाव्या टाक्याला थोरली खोकली. अगदी त्याच जागी, बाळे, रेघ समोर दिसत होती. कुंपणाजवळून ठिणगी ओरडला, "आजी, दांडी पुढे." आणि माझा हात गेला दांडीवर. खरं सांगते, गेला. त्यांचाही असाच गेला असणार, आता मला त्यांचा राग उरला नाही. मग म्हटलं, धाकटीचे ऐकावे असं लिहून ठेवलंय, आणि धाकटी तर मीच. तर मी माझं ऐकलं. हात काढून मांडीवर ठेवला. एक ठोका आलाच नाही असं वाटलं. मग आला.

अडतिसाव्या टाक्याला रेघ चाकाखाली गेली. झेंडेवाला शिट्टी मारतोय, झेंडा हलवतोय, "मावशी, झालं, थांबा, थांबा." मी म्हटलं, "दोन टाके राहिलेत." तो म्हणाला, "काय?" मी म्हटलं, "ओळ पुरी होऊ दे." रेघेच्या पुढे सात हात नेऊन मग थांबवलं. ठिणगीने मोजले. आता तो सगळ्यांना सांगत फिरतोय की चाल त्यानेच जुळवली. सांगू दे.

एक सांगायचं राहिलं. तुझं ते सव्वीस तारखेचं पत्र आलं त्या दुपारी मी ट्रंक उघडली. लोकर चांगली राहिली आहे, एका लडीला थोडी कसर लागली. आज संध्याकाळी थोरली शेडमध्ये मंद सोडली, खुर्ची दारात टाकली आणि निळ्याचे चाळीस टाके सुईवर घेतले. तुझ्यासाठी म्हणून सुरू केलंय, पण माप त्यांचंच येतंय हाताला. तुला ढगळ होईल. घाल.

आणि वही. त्यांच्या शेवटच्या ओळीखाली जागा होती. पेन्सिलीने लिहिलं. मुंगीसारखं नाही, माझं अक्षर हत्तीचं, पान भरलं.

"थो. रेघेपार गेली. धा. ची ओढ तशीच."

ऱ्हस्व-दीर्घ तू बघून घे.

तुझी आजी